बत्तीस व्होल्टचा उजेड

गुरुबसप्पा उटगे मला पहिल्यांदा दिसले ते जमिनीवर आडवे पडून, एका जनरेटरखाली खांद्यापर्यंत हात घातलेले. साल एकोणीसशे नव्व्याण्णव. मी मूळचा लोह्याचा. नांदेडला एम.एस्सी. केलं आणि लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला आलो. एका हॉलमध्ये दीडशे पोरं बसायची. त्या दिवशी धडा नेमका विद्युत जनित्राचा होता. फळ्यावर मी चुंबकाचे दोन ध्रुव आणि मधे फिरणारी चौकोनी तार अशी सुबक आकृती काढली, तेवढ्यात लाइट गेली, आणि बाहेरचं खरं जनित्र काही केल्या चालू होईना.

मी बाहेर येऊन विचारलं, "किती वेळ लागेल?"

"उंदीर निघंल तवर," जमिनीवरून उत्तर आलं.

थोड्या वेळानं त्यांनी खरंच एक मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर काढला आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "पोरांना हे बी शिकवा सर. पुस्तकात नसतंय."

ते हसले नाहीत. मी हसलो. तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न होतं. उंच, वाळकी अंगकाठी, बोटांच्या टोकांवर वार्निशचे पिवळे डाग. गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग. आडवं पडायच्या आधी ते लिंग ते शर्टाच्या वरच्या खिशात अलगद ठेवून घ्यायचे. गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारी, पंप, जनरेटर, सगळं त्यांच्याकडं यायचं. गावात त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत.

पुढं मला खोली मिळाली ती नेमकी त्यांच्या घरासमोरच्या हॉस्टेलात, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून त्यांचा प्लॉट दिसायचा. चारी बाजूंनी चार-चार मजली हॉस्टेलं आणि मधे हा एवढासा तुकडा. त्यात दोन खोल्यांचं सिमेंटच्या स्लॅबचं घर होतं, पण त्याला कायम कुलूप. मिस्त्री आणि त्यांच्या पत्नी रत्नम्मा राहायचे ते शेजारच्या पत्र्याच्या खोलीत. उन्हाळ्यात लातूरचा पत्रा कसा तापतो ते लातूरकरालाच माहीत. चांगलं घर असताना ही माणसं तिथं का भाजून घेतात, हे मला कळायचं नाही.

ते मिस्त्रींनीच सांगितलं, खूप दिवसांनी, एका दुपारी.

रत्नम्मांचं माहेर औशाच्या पलीकडं, तेरणेच्या काठावर. वडील ईश्वरप्पा गावातले धान्याचे व्यापारी. त्र्याण्णव साली गणपतीला रत्नम्मा माहेरी गेल्या होत्या. एकुलती मुलगी शिवानी नांदेडला डी.एड. करत होती. दरवर्षी रत्नम्मा विसर्जन करूनच परतायच्या. त्या वर्षी मिस्त्रींनी एका ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला, की लवकर ये. रत्नम्मा विसर्जनाच्या दोन दिवस आधी आल्या.

"काय झालं होतं? तब्येत?" मी विचारलं.

"कशाची तब्येत? धडधाकट होतो. खानावळीचं खाऊन वैतागलो होतो. भाकरीसाठी बोलावलं सर, दुसरं काय न्हाई."

विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे, चारच्या सुमाराला, भूकंप झाला. लातुरात भांडी पडली, भिंतींना तडे गेले, माणसं रस्त्यावर आली. दुपारी मिस्त्री कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून पावसात सासुरवाडीला पोचले. दगडमातीचं जाड भिंतींचं घर होतं, त्याचा ढीग झाला होता. ईश्वरप्पा, सासू शांतम्मा, मेहुणा संगमेश, त्याची बायको, दोन लेकरं. सहा माणसं. मिस्त्री नऊ दिवस तिथंच राहिले. परत आले तेव्हा रत्नम्मा रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली बसल्या होत्या, गल्लीतल्या इतर बायकांबरोबर. त्यांनी एवढंच विचारलं, "कोण कोण हाय?" मिस्त्रींनी आडवी मान हलवली.

महिन्याभरात गल्लीतली माणसं एकेक करून आपापल्या घरात गेली. रत्नम्मा गेल्या नाहीत. स्लॅबखाली त्यांचा श्वास कोंडायचा. मिस्त्रींनी चार दिवसांसाठी म्हणून पत्र्याची खोली उभी केली, आणि तीच घर झाली.

रत्नम्मांना मी रोज पाहायचो. ठेंगणी, गोरी, डोक्यावरून पदर घेतलेली बाई. अंगणात काही निवडत बसली की मधेच हातातलं काम थांबवून तळवा जमिनीला लावायची. हलतंय का, ते बघायची. आणि आमच्या गल्लीत जमीन सारखी हलत होती. भारनियमन वाढत चाललं होतं. आधी चार तास, मग सहा, मग आठ. पोरांचा अभ्यास बुडायला नको म्हणून प्रत्येक हॉस्टेलनं डिझेलचा जनरेटर आणला. सात जनरेटर एका वेळी सुरू झाले की माझ्या तिसऱ्या मजल्यावरचा पाण्याचा पेला टेबलावर सरकायचा. हे सगळे जनरेटर दुरुस्त करायचे मिस्त्री. एखादा बंद पडला, की पोरं खिडक्यांतून त्यांच्याच नावानं ओरडायची. म्हणजे गल्ली धडधडत ठेवायचं काम त्यांच्याकडं होतं, आणि ती धडधड सहन न होणारी बाई त्यांच्याच अंगणात तळवा टेकून बसलेली असायची. त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. "काम सोडू का काय करू?" एकदा ते मला म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

दोन हजार सहा साली शिवानीला दुसरं बाळ झालं. तिचा नवरा भोकरला शिक्षक. रत्नम्मा बाळंतपणासाठी भोकरला गेल्या आणि परत आल्या नाहीत. भांडण झालं नाही, काही नाही. तीन महिन्यांनी मिस्त्री आणायला गेले, तर म्हणाल्या, "मला इथं झोप लागून राहिली. इथली जमीन गप हाय."

मिस्त्री एकटेच परत आले. सुरुवातीला महिन्याला एकदा जायचे. लातूरहून अहमदपूर, लोहा, नांदेड आणि पुढं भोकर. पाच-सहा तास एसटीत बसायचं, तिथं जेवायचं, नातवंडांना घेऊन बसायचं. रत्नम्मा विचारायच्या, "जेवण कुठं करता?" ते म्हणायचे, "करतो." पुढं दोन महिन्यांनी जाणं झालं, मग सणाला.

अशातच गोलाईमागच्या दुकानाची जागा मालकानं विकली. तिथं आणखी एक अभ्यासिका होणार होती. मिस्त्रींनी दुकानाचं सामान टेम्पोत भरून घरी आणलं आणि इतक्या वर्षांनी स्लॅबच्या घराचं कुलूप काढलं. तो रविवार होता. मी खाली उतरून हात लावायला गेलो. शेवटच्या खेपेत ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी आलं. ते उतरवायला पाच माणसं लागली.

"हे काय आहे?"

"सासऱ्यांच्या घरचं इंजिन," ते म्हणाले. "लाइटीचं."

ताडपत्री सोडली. आत गंजानं लालभडक झालेलं एक जुनं यंत्र होतं. एक सिलिंडर, वर पाण्याची चौकोनी टाकी, बाजूला चाक, आणि त्याच तळावर बसवलेला डायनामो. पितळेच्या पाटीवरची इंग्रजी अक्षरं निम्मी झिजली होती. मी वाकून वाचलं. बत्तीस व्होल्ट, एक किलोवॅट. डी.सी.

रत्नम्मांच्या आजोबांनी ते निजामाच्या काळात मुंबईहून मागवलं होतं. बार्शी लाइनच्या छोट्या गाडीनं लातूरपर्यंत आलं आणि पुढं बैलगाडीतून. गावात लाइनची वीज यायला अजून पंचवीसएक वर्षं होती, तेव्हा त्या एका घरात दिवे लागत. रत्नम्मा लहान असताना त्यांचे वडील रोज दिवेलागणीला स्वतः इंजिनाचं हँडल मारायचे आणि रत्नम्मा तेलाची बुधली धरून उभ्या राहायच्या. लोक अंगणात येऊन रेडिओ ऐकायचे. पुढं गावात खांब आले, इंजिन मागच्या पडवीत गेलं. भूकंपात त्या पडवीवर भिंत पडली. पाचव्या दिवशी जवान दगड काढत होते, तेव्हा मिस्त्रींना दगडांत चाकाचा आरा दिसला. भंगारवाले तोवर गावाच्या वेशीवर येऊन थांबलेच होते. मिस्त्रींनी घोंगड्या घेऊन आलेल्या, रिकाम्या परतणाऱ्या ट्रकात इंजिन चढवून दुकानावर धाडलं आणि परतल्यावर दुकानामागं झाकून ठेवलं.

"आणि रत्नम्माकाकूंना?"

"सांगितलं न्हाई."

"चौदा वर्षं?"

"कसं सांगू सर? तिची सहा माणसं गेली, अन् मी इंजिन घिऊन आलो? आधी वाटलं, जरा सावरू दे. मग तिला ठोक्यांचं असं झालं. मग राहिलंच."

त्या दिवाळीत गल्ली ओस पडली. पोरं गावी गेली, हॉस्टेलं बंद, जनरेटर बंद. मला आठ दिवसांची सुट्टी होती, पण मी भाऊबीजेच्या आधी लोह्याला जाणार नव्हतो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून बघितलं, तर मिस्त्री स्लॅबच्या घरात दार उघडं टाकून त्या इंजिनासमोर पाटावर बसलेले. मी खाली गेलो. त्यांनी एकही नट ढिला केला नव्हता. नुसतेच बघत होते.

"उघडायचं का?" मी विचारलं.

"उघडायचं म्हणतो," ते म्हणाले. "हाताला काम न्हाई चार दिवस."

ते काम चार दिवसांचं नव्हतं. दीड वर्ष लागलं. पिस्टन सिलिंडरमध्ये असा धरला होता, की जणू एकाच लोखंडाचा ओतलाय. प्लगच्या भोकातून त्यांनी रॉकेल आणि डिझेल ओतलं आणि वाट बघितली. रोज सकाळी लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचे दोन ठोके द्यायचे, हलला नाही की परत तेल. तेविसाव्या दिवशी केसभर हलला. ते मला सांगायला जिना चढून वर आले. एरवी ते कधीच वर येत नसत.

डायनामो उघडला तर आत उंदरांनी घर केलं होतं. तारेवरचं सुती वेष्टण कुजून गेलेलं. मिस्त्रींनी आर्मेचरची, म्हणजे आतल्या फिरत्या गाभ्याची, एकेक खाच सोडवली, वेढे मोजून कागदावर लिहिले. वेढे सोडताना मधेच थांबून मला म्हणाले, "हे बघा. ज्यानं भरलं ना, तो डावखुरा होता." कसं कळलं विचारलं, तर त्यांनी गाठीची दिशा दाखवली. सत्तर वर्षांपूर्वी, कुठल्या मुलखात कोण जाणे, बसून काम केलेल्या त्या कारागिराबद्दल ते पुढं कित्येक दिवस ओळखीच्या माणसासारखं बोलायचे. "आपला डावखुरा हितं चुकला." "डावखुऱ्यानं इथं जास्तीची पट्टी लावली, शहाणा होता." त्यांना दिवसभरात बोलायला दुसरं माणूसही नव्हतं.

नवी तार भरली, वार्निश पाजलं. वार्निश वाळवायला पत्र्याच्या पिंपात दोनशे वॉटचे चार बल्ब लावायचे आणि आत आर्मेचर टांगायचं, अशी त्यांची पद्धत. पण लाइट दिवसातून आठ तास जायची, पिंप थंड पडायचं. एका दिवसाच्या कामाला चार दिवस गेले. आर्मेचरला घासत वीज उतरवून घेणारे कार्बन मिळेनात, तर ट्रकच्या मोठ्या कार्बनातून करवतीनं कापून काढले आणि काचकागदावर घासून गोलाई आणली.

पिस्टनच्या रिंगा मात्र लातुरात मिळेनात. नांदेडला वजिराबादेत एक जुना इंजिनवाला आहे असं कळलं. मिस्त्री सकाळच्या गाडीनं गेले आणि त्याच दिवशी संध्याकाळी रिंगा घेऊन परत आले.

"भोकरला नाही गेलात?" मी विचारलं. नांदेडहून भोकर म्हणजे दीड तास.

त्यांनी रिंगांची पुडी सोडली, एकेक रिंग उजेडात धरून बघितली. मग म्हणाले, "स्टँडवर भोकरची गाडी लागली होती. चढलो बी. मग तिनं विचारलं असतं, कशाला आलात मधीच. काय सांगणार?"

ते गाडीतून उतरले होते.

इंजिन जोडून झालं आणि एका दुपारी चालू झालं. चौथ्या हँडलला. धूर झाला, चाक फिरू लागलं, आणि डायनामोतून काहीच निघेना. व्होल्टमीटरचा काटा शून्यावर. सगळं बरोबर होतं. मिस्त्रींचा चेहरा पडला. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या फिजिक्सचा उपयोग झाला. असल्या जनित्राच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असावं लागतं, त्याच्या आधारानंच वीज तयार व्हायला सुरुवात होते. इतकी वर्षं पडून राहिल्यानं ते निघून गेलं असणार. मी सांगायला लागलो, तर ते अर्ध्यातच उठले. "कळलं. ओळख विसरलंय." ट्रकची बॅटरी आणून त्यांनी दोन तारा एक क्षणभर टेकवल्या. बारीक ठिणगी उडाली. परत हँडल मारलं. काटा थरथरला आणि सावकाश वर सरकत तिसापर्यंत गेला.

बत्तीस व्होल्टचे बल्ब आता कुठं मिळतात? मोटारीचे बारा व्होल्टचे तीन बल्ब एका माळेत जोडले आणि लावले. भर दुपारी ते तीन पिवळे दिवे लागले. वर हॉस्टेलच्या खिडक्या उघडल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या. लगेच एक जण ओरडला, "काका, बंद करा, उद्या पेपर आहे!"

मिस्त्रींनी बंद केलं. टाकीतलं पाणी थोडा वेळ वाफाळत राहिलं. आम्ही दोघं तसेच उभे होतो. काम संपलं होतं. मला वाटलं ते खूश असतील, पण त्यांनी हात पुसायला घेतलेलं फडकं नुसतंच घड्या घालत धरलं होतं.

"आता सांगायला पाहिजे," मी म्हणालो.

"तुमी चला बरोबर," ते म्हणाले. "तुमच्यासमोर ती जास्त बोलणार न्हाई."

पुढच्या रविवारी आम्ही भोकरला गेलो. शिवानीचं घर गावाच्या कडेला, मागं तुरीचं शेत. रत्नम्मा व्हरांड्यात बसल्या होत्या. लातुरात मी पाहिलेल्या बाईपेक्षा या जराशा भरल्या होत्या, चेहरा निवळला होता. चहा झाला. मिस्त्री रिकामी बशी हातात फिरवत राहिले. मी त्यांच्याकडं बघितलं. शेवटी त्यांनी जमिनीकडं बघत, एखादा गुन्हा कबूल करावा तसं, सगळं सांगितलं. पडवी, जवान, ट्रक, ताडपत्री, दीड वर्षाचं काम.

रत्नम्मांनी कपबशी बाजूला सारली. मग विचारलं, "कवा आणलं म्हणता?"

"त्याच वक्ताला. पाचव्या दिवशी."

"म्हंजे सोळा वर्षं झाली."

"हाव."

"मी रडत होते तवा. अप्पाचा एक तांब्या बी राहिला न्हाई म्हणून मी रडत होते. अव्वाचं लुगडं न्हाई, संगमेशचा एक फोटो न्हाई. तुमच्यासमोर म्हणत होते. आठवतंय का?"

"आठवतंय."

"अन् तुमी ताडपत्रीखाली झाकून ठिवलं?"

"तुला त्रास हुईल वाटलं."

"तुमाला वाटलं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मला इचारलं का? तुमी भाकरीसाठी बोलावलं तवा बी इचारलं न्हाई. आले. जित्ती राहिले. ते बी तुमीच ठरवलं."

शिवानी दारात येऊन उभी राहिली होती. मिस्त्री एकाएकी फार म्हातारे दिसायला लागले. मी उठून अंगणात गेलो. आत पुढं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. फार झालं नसावं. थोड्याच वेळात मिस्त्री पिशवी घेऊन बाहेर आले. त्यांच्यामागून रत्नम्माही दारापर्यंत आल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सर, मी बघायला येणार हाय. ह्यांना सांगा, चालू करून ठिवू नका. आधी मला बघायचंय."

मिस्त्री तीन हात अंतरावर उभे होते.

परतीच्या गाडीत ते खिडकीला डोकं टेकून बसले होते. लोह्याला मी उतरणार होतो, रात्री घरी राहून सकाळी येणार होतो. मी उतरताना ते म्हणाले, "येणार हाय म्हणली ना?" मी म्हणालो, "म्हणाल्या." त्यांनी मान हलवली. गाडी निघाली तरी ते माझ्याकडंच बघत होते.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. रत्नम्मा स्लॅबखाली येणार नाहीत, म्हणून अंगणात इंजिनासाठी काँक्रीटचा नवा ओटा केला. ठोके जमिनीत उतरू नयेत म्हणून ट्रकच्या टायरचे तुकडे कापून चार थर खाली घातले. शेजारच्या दोन हॉस्टेलांच्या मालकांकडं स्वतः जाऊन सांगितलं, की अमुक दिवशी दुपारी दोन तास तुमचे जनरेटर बंद ठेवा. इतक्या वर्षांच्या कामाच्या बदल्यात त्यांनी पहिल्यांदाच कुणाकडं काही मागितलं होतं. दोघांनीही ऐकलं.

रत्नम्मा शिवानीबरोबर आल्या. फाटकातून आत आल्या आणि सरळ इंजिनाकडं गेल्या. मिस्त्रींनी त्याला मूळचा गडद हिरवा रंग दिला होता, पितळेची पाटी घासून लखलखीत केली होती. रत्नम्मांनी पाटीवरून हात फिरवला. टाकीला हात लावला. मग बाजूचा धुराचा नळ धरला आणि शिवानीला मनगटावरचा एक पांढरा डाग दाखवला. "हितं भाजलं होतं. सात वर्षांची असंल. अप्पानं तूप लावलं अन् म्हणले, इंजिनाला लळा लावू नको, ते माणूस वळखत न्हाई." त्या हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होतो. मिस्त्री हिरव्या रंगाचे डाग पडलेले हात पाठीमागं धरून उभे होते.

"रंग असाच होता का?" त्यांनी विचारलं.

"ह्याच्यापरीस काळपट होता. पण चांगला हाय."

थोड्या वेळानं त्या स्वतःच म्हणाल्या, "लावा."

"नको. नुसतं बघायला आलीस ना?"

"लावा म्हणते ना."

मिस्त्रींनी हँडल मारलं. दुसऱ्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. टायरचे थर होते, तरी ठोका जमिनीत उतरलाच. मला चपलेच्या तळव्यातून कळत होता. समोर तीन दिवे लागले. रत्नम्मा दिव्यांकडं बघत होत्या. ओठ घट्ट मिटलेले. एक मिनिट झालं असेल, दीड. मग त्या वळल्या आणि भरभर चालत फाटकाबाहेर गेल्या. रस्त्याच्या पलीकडं, हॉस्टेलच्या कंपाउंडपाशी, आमच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. शिवानी त्यांच्यामागं धावली.

मिस्त्रींनी तेल तोडलं. चाक आपसूक थांबायला वेळ लागतो. ते दोन्ही हातांनी चाक धरून थांबवायला गेले, तळहात सोलला गेला.

रत्नम्मा परत आल्या तेव्हा चेहरा पांढरा होता, पण बोलणं नीट. "चांगलं केलंय," त्या म्हणाल्या. "अप्पाला आवडलं असतं. पण मला जमणार न्हाई हो. लई इच्छा होती, पण न्हाई जमत." मग मिस्त्रींचा हात बघून म्हणाल्या, "हळद लावा त्याला." आणि शिवानीला, "चल, चारची गाडी भेटंल."

मिस्त्री स्टँडवर सोडायला गेले. रत्नम्मा पुन्हा लातूरला आल्या नाहीत.

एक मात्र बदल झाला. दर रविवारी सकाळी नऊ वाजता भोकरहून फोन यायचा. रत्नम्मा विचारायच्या, "पुसून ठिवलं का? पाणी काढलं का टाकीतलं? तसंच ठिवलं तर सडतंय." मिस्त्री सांगायचे. मग त्या एखादी जुनी गोष्ट सांगायच्या. कुणाच्या लग्नात इंजिन बंद पडलं, रेडिओवर कुठली बातमी लागली तेव्हा सगळा गाव अंगणात होता. पाच मिनिटांचा फोन, कधी दहा. त्या वेळात गिऱ्हाईक आलं तर मिस्त्री हातानंच थांबायला सांगायचे. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं बोलणं झालं नसेल, असं ते एकदा म्हणाले. भोकरला जाणं मात्र वाढलं नाही. समोरासमोर बसलं की दोघांनाही सुचायचं नाही.

तीन वर्षांनी रत्नम्मा तापानं आजारी पडल्या. नांदेडला दवाखान्यात नेलं, आठव्या दिवशी गेल्या. मिस्त्री पोचले तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या. भोकरलाच, लिंगायतांच्या जागेत, त्यांना माती दिली.

त्यानंतर वर्षभरात मिस्त्रींनी लातूरचा प्लॉट विकला. तिथं आता पाच मजले आहेत आणि भारनियमन नाही, त्यामुळं जनरेटरही दिसत नाहीत. ते इंजिनासकट भोकरला मुलीकडं राहायला गेले. रत्नम्मा असताना जे जमलं नाही ते त्यांनी त्या गेल्यावर केलं. मी नांदेडच्या शाखेत बदलून आलो होतो. एकदा सवड काढून त्यांना भेटायला गेलो.

व्हरांड्यात ते शेतकऱ्यांच्या पंपाची मोटार भरत बसले होते. वय पंच्याहत्तरच्या पुढं, नजर अधू झालेली, तार बोटांनी चाचपून भरत होते. इंजिन कोपऱ्यात झाकलेलं होतं. मी विचारलं, चालवता का? म्हणाले, हँडल मारायचा जोर राहिला न्हाई.

"इथं करमतं का?"

त्यांनी वेढा पूर्ण केला, मग तार खाली ठेवली. "इथल्या बायका येऊन बसत्यात सर. तिच्या वळखीच्या. तिच्याबद्दल सांगत्यात. देवळात वचनं म्हणायची म्हणं, आवाज चांगला होता म्हणं. मला ठाऊकच न्हाई. अन् नकला करायची म्हणं लोकांच्या. तलाठ्याची, शाळेतल्या बाईची. हसून हसून पोटं दुखायची म्हणत्यात."

"तुमच्यासमोर कधी नाही केल्या?"

"न्हाई," ते म्हणाले. तार परत उचलत म्हणाले, "माझी बी करायची म्हणं. इंजिनाखाली आडवं पडल्याली. मी त्यातल्या पार्वतीबाईला म्हणलो, करून दाखवा की. तर ती लाजली."

शिवानीनं आतून जेवायला हाक मारली. ते उठले, भिंतीला हात लावत नळाकडं गेले आणि बराच वेळ साबणानं बोटं घासत राहिले.